सुनेच्या कॉलेजचं घर बघायला

आमच्या घराण्यात मुलगी द्यायची झाली की आधी घर बघायला माणूस पाठवतात. गेली वीसेक वर्षं म्हैसुरात ते माणूस म्हणजे मी, कमलाक्षी. पुढच्या खोलीतला सोफासेट मला फसवू शकत नाही. मी थेट मोरीकडे जाते. घर पसंत पडलं तर तिथं गोड खाऊन यायचं, नाही पडलं तर नुसतं पाणी पिऊन उठायचं. परत आल्यावर लांबलचक चौकशी नसते. "खाल्लंस की प्यालीस?" एवढंच विचारतात.

तर पूजिता, माझी सून. मंडकळ्ळीच्या विमानतळावर सात वर्षं नोकरी करते. बॅगा घेण्यापासून व्हीलचेअर ढकलण्यापर्यंत सगळं करून आता शिफ्टची प्रमुख झाली. विमानाला उशीर झाला आणि एखादा गृहस्थ अंगावर धावून आला, तर ही त्याला शांतपणे कॉफी विचारते आणि तो निमूट खाली बसतो. घरीही तोच आवाज लावते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, आमटी निवते आहे." तिचे सासरे, आमचे मोहनराव, हसत हसत ताटावर येतात.

तिच्या वरची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरून डिग्रीवाला आला. दुसऱ्या खेपेला तिनं घरी येऊन भांडी जरा जोरातच आपटली. मग जाहीर केलं, नोकरी सोडून बेंगळूरला विमान व्यवस्थापनाचं एमबीए करायचं. दोन वर्षं, हॉस्टेलात राहून.

"साधं एमबीए कर की गं," मोहनराव म्हणाले. "बँकेत चालतं, कारखान्यात चालतं. कोरोनात विमानं जमिनीवर बसली होती, विसरलीस?"

"विसरेन कशी, मामा? पण बँकेत गेले तर माझी सात वर्षं पाण्यात. मला जे येतं त्यातच वर जायचंय."

माझा मुलगा राघवेंद्र बेळगोळच्या कारखान्यात आहे. त्यानं "तुझी इच्छा" म्हणून अंग काढून घेतलं. नवरे असेच! मग ती माझ्याकडे वळली.

"अत्ते, तुम्ही जाऊन घर बघून या. पाणी पिऊन आलात तर हा विषय मी परत काढणार नाही."

अय्यो! सगळं माझ्याच गळ्यात. आणि खरं सांगू? मला ती जायला नकोच होती. संध्याकाळी विजयनगरातल्या आमच्या गच्चीवर आम्ही दोघी कॉफी पितो आणि गल्लीतल्या एकेकाची हजेरी घेतो. सासू-सुनेचं असं जमलेलं कुठं बघायला मिळतं, सांगा! ती गेली तर घर मला खायला उठेल. तेव्हा मी बेंगळूरची गाडी पकडली ती खोट काढायलाच.

कॉलेजच्या दारातच काचेच्या पेटीत हे एवढं मोठं विमान. ठीक आहे, सोफासेट बघितला. प्रवेशाच्या टेबलावरचा टायवाला मुलगा जगभरातल्या संधी सांगायला लागला. "साकु बाबा, पुरे," म्हटलं. "कॅन्टीन कुठं आहे?"

मोरी सापडली. तिथं शरण्या नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी भेटली. पूजिताच्याच वयाची, तीही विमानतळावरची नोकरी सोडून आलेली. मी तिच्यासमोर जाऊन बसले. "आईला सांगशील तसं खरं सांग," म्हटलं.

"आंटी, कोवळी मुलं थेट येतात त्यांचं कठीण आहे," ती म्हणाली. "आमच्या आधीचे काहीजण काउंटरवरच लागले. ती नोकरी ह्या डिग्रीशिवायही मिळाली असती. एकजण मोबाईलच्या दुकानात आहे. पण जे काम करून येतात त्यांना वरच्या जागांच्या मुलाखतीला बोलावतात. मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय."

"आणि शिकवतात कसं?"

"काहीजण पुस्तक वाचून दाखवतात. पण एक मॅडम स्वतः विमानतळ चालवून आल्यात. त्यांच्या तासाला कोणी दांडी मारत नाही."

खोट मिळाली होती. मोबाईलचं दुकान! घरी जाऊन एवढंच बोलले असते की मोहनराव जिंकले, मी जिंकले. पण ती खोट पूजिताला लागू होत नव्हती. काउंटर तिच्याकडे होताच. तिला जे मिळत नव्हतं ते त्या मुलाखतीचं बोलावणं, आणि ते इथं मिळत होतं.

शरण्यानं केशरी शिऱ्याची बशी पुढं सरकवली. "केसरीबात घ्या आंटी, आज छान झालाय."

मी पाण्याचा ग्लास उचलला. एक घोट प्यायचा आणि उठायचं, कोण बघणार होतं? पण वीस वर्षांत कुणाच्या लेकीच्या बाबतीत मी खोटं सांगितलेलं नाही. स्वतःच्या सुनेपासून काय सुरुवात करू? ग्लास खाली ठेवला.

घरी पोचले तर पूजिता दारातच, अजून गणवेशात. मोहनरावांनीच विचारलं, "खाल्लंस की प्यालीस?"

"दोन बश्या खाल्ल्या," मी म्हटलं. "तूप जरा कमी होतं."

पूजितानं तोंड उघडलं. "प्रवाशांनी कृपया..." एवढंच बोलली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

"रडतेस काय वेड्यासारखी?" मी तिच्या पाठीवर थोपटलं. "दर रविवारी गच्चीवर कॉफीला यायचं. आणि उशीर झाला तर तुमच्या विमानवाल्यांची कारणं मला सांगायची नाहीत."