मागच्याचं नाव

या कॅरिबियन बेटावर नोकरीसाठी येऊन मला तीन महिने झाले. काल एका गटाबरोबर इथल्या डोंगरवाटेवर गेले होते. वाट दाखवणाऱ्या मार्थाबाई साठीच्या. त्यांचा एक नियम आहे. दर वळणावर आपल्या मागच्याला नावानं हाक मारायची आणि त्याची ओ आली की मगच पुढे निघायचं. उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम हलक्या आवाजात असंच करत ही वाट चढायचे, म्हणे.

मी मुद्दाम शेवटी राहिले. मागे कुणी नसलं की हाक मारावी लागत नाही. माझ्या पुढचा उंच माणूस वळणावर नुसता हात हलवायचा. मीही हलवायचे. नाव न सांगता, नुसतं हसून किती दिवस काढता येतात, हे मला इथंच कळलं.

तिसऱ्या वळणावर मार्थाबाईंनी त्याला अडवलं. "हिचं नाव काय रे?"

"विचारलंच नाही."

"वा! ही दरीत पडली तर खाली बघून हात हलवशील?"

सगळे हसले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू, डार्लिंग? ते पळालेले पकडले जाण्याच्या भीतीनं नावं हळू घ्यायचे. तुला कोण पकडायला येतंय? सांग की."

मी बुटांकडे बघत नाव सांगितलं. मग त्या स्वतःच माझ्या मागे चालू लागल्या. पुढच्या वळणावर मी वळून पाहिलं. त्या समोरच होत्या, पण पाऊल उचलेनात.

"मार्थाबाई," मी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं!"

मी पुन्हा, मोठ्यानं म्हणाले. तीन महिन्यांत मी कुणाला मारलेली ती पहिलीच हाक होती.