पहिला धावणारा

कोकणातल्या मिठबावात हॉकी कोणी खेळत नव्हतं. मच्छीमार विठोबाचा मुलगा रविराज मात्र पळायचा. होडी किनाऱ्याला लागली की आई गंगू मासळीचे वाटे घालून होईपर्यंत हा पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत आलेला असायचा. बारा वर्षांचा असताना शाळेच्या गुरुजींनी त्याला पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीला नेलं आणि तो निवडला गेला. धावण्याच्या जागा भरल्या होत्या, हॉकीच्या रिकाम्या होत्या. एवढ्यावर त्याचा खेळ ठरला.

"हॉकी म्हणजे काय रे?" गंगूने विचारलं.

"काठयेन चेंडू मारूचो."

"मगे तेच्यासाठी पुण्याक कित्याक जावक व्हया?"

तरी रविराज गेला.

पुण्यात त्याला लवकरच कळून चुकलं की आपल्या हातात जादू नाही. इतर मुलांच्या स्टिकला चेंडू चिकटून राही, याच्या स्टिकवरून तो घरंगळून जाई. दोन वर्षं तो राखीव म्हणून बाकावरच बसला. मग एकदा सरावात पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्या संघाला मिळालेला गोलावरचा फटका, अडवायचा होता. त्यात गोलरक्षकासह पाचच जणांना गोलरेषेवर उभं राहायचं असतं. चेंडू आत ढकलला गेला की त्यांतला एक जण थेट मारणाऱ्याच्या अंगावर धावत सुटतो. चेंडू गोळीसारखा सुटतो तो याच्या गुडघ्यांच्या दिशेने. हे काम कोणालाच नको होतं. रविराज म्हणाला, "मी जातो."

तिथून त्याचा खेळ सुरू झाला. तीन वर्षांत त्याच्या नडग्यांवर निळे डाग कायमचे वस्तीला आले. सुट्टीत घरी आला की गंगू खोबरेल तेल चोळी आणि म्हणे, "मारतत तुका थंय. आणि तू हसतंस." पण तो हटला नाही. मारणारा कोणत्या पायावर भार टाकतो, खांदा कुठे वळवतो, हे तो पाहत गेला. २००६ साली अठरा वर्षांखालच्या भारतीय संघाची यादी लागली आणि त्यात त्याचं नाव होतं. स्पर्धा मलेशियात होती.

उपांत्य सामना कोरियाशी झाला. शेवटची पाच मिनिटं राहिली होती, बरोबरी होती, आणि कोरियाला कॉर्नर मिळाला. रविराज सुटला. समोरचा मुलगा उंच होता. त्याने स्टिक मागे खेचली आणि त्याच क्षणी रविराजचे डोळे मिटले, खांदा आपोआप आडवा झाला. चेंडू त्याच्या पावलाशेजारून गेला. गोल झाला. भारत हरला.

प्रशिक्षक दलजीत सर ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "परवा तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे. कॉर्नरला दुसरा कोणी धावेल. तू बाकावर बस."

हरल्याचं दुःख सगळ्यांना होतं. त्याला घाबरल्याची लाज होती, आणि ती एकट्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसंतकडे गेला. बसंत ओडिशाचा, भारताचे कॉर्नर मारणारा. रविराज म्हणाला, "मैदानावर चल. माझ्या अंगावर मार."

"वेडा आहेस का? उद्या सामना आहे."

"म्हणूनच. हळू मारू नकोस."

बसंतने पहिले दोन हळूच मारले. रविराजने चेंडू उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "असं मारायचं असेल तर जाऊन झोप." मग मात्र बसंतने जोर लावला. एक चेंडू मांडीवर बसला, एक बरगडीखाली. रविराज दर वेळी उठून पुन्हा गोलरेषेवर जाई. बसंतचे हात दुखायला लागले तेव्हाच तो थांबला.

लंगडतच रविराज दलजीत सरांसमोर उभा राहिला. "सर, उद्या मीच धावणार."

"भीती गेली?"

"नाही गेली. पण कुठे येते ते सापडलं. मारणारा स्टिक मागे खेचतो तेव्हा मी डोळे मिटत होतो. आता मिटत नाही."

सरांनी त्याच्या मांडीवरचा ताजा वळ पाहिला. "बर्फ लाव," म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या संघात त्याचं नाव होतं.

सामना यजमान मलेशियाशी होता. प्रेक्षकांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. भारत एका गोलने पुढे होता. वेळ संपत आली आणि मलेशियाला कॉर्नर मिळाला. रविराज सुटला. चेंडू त्याच्या नडगीवर आदळला. पायाला लागला म्हणून पुन्हा कॉर्नर. एवढ्यात वेळ संपली, पण कॉर्नर पुरा झाल्याशिवाय सामना संपत नाही. सगळं मैदान उभं राहिलं.

तो पुन्हा सुटला. स्टिक मागे गेली, पुढे आली, आणि या वेळी त्याला चेंडू दिसला, अगदी त्यावरच्या खळग्यांसकट. त्याने हातातली स्टिक जमिनीलगत आडवी धरली. चेंडू तिच्यावर आणि त्याच्या बोटांवर एकदमच बसला आणि बाजूला उडून रेषेबाहेर गेला. शिट्टी वाजली. बसंत पळत आला तेव्हा रविराज उजवा हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला होता.

"लागलं?"

"मोडलं वाटतं," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

कांस्यपदक घेऊन तो प्लास्टरमध्येच मिठबावात आला. विठोबाने पदक हातात घेऊन वजन पाहिलं, देवाजवळ ठेवलं आणि म्हणाला, "बरो खेळलंस मां?"

"बरो खेळलंय."

"मगे झाला."

बोटं जुळली, पण वाकडी. स्टिकवरची पकड पूर्वीसारखी राहिली नाही. वरच्या संघाचं बोलावणं दोन वर्षं आलं नाही, तेव्हा ते आता येणार नाही हे त्याने मनाशी मान्य केलं. त्या दिवसांत होडीवर बापाबरोबर जाई, जाळी ओढी. मग शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि २०१२ साली कसाल गावातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने हॉकी सुरू केली. मुलांनी बांबू वाकवून स्टिक केल्या.

वर्षभराने त्याचा संघ विभागीय स्पर्धेला गेला आणि सहा गोलांनी हरला. परतीच्या बसमध्ये कर्णधार निकेत म्हणाला, "सर, त्येंचो चेंडू सरळ जाता. आमचो उडता."

ते खरंच होतं. शाळेचं मैदान कातळाचं, उंचसखल. रविवारी रविराज कुदळ घेऊन एकटाच तिथे उतरला आणि उंचवटे फोडायला लागला. दुपारी चिऱ्याच्या खाणीचा मालक मुस्तफा रस्त्याने जाताना थांबला.

"मास्तर, कुदळीन ह्या दोन वर्सांत जावचा नाय."

"मगे तीन लागतीत," रविराज म्हणाला आणि पुढचा घाव घातला.

मुस्तफा हसला. गाडीला किल्ली लावत म्हणाला, "फाल्यां सकाळीच माणसां धाडतंय. कितपत सपाट व्हया तां त्यांका तूच सांग."