प्रश्न वाटणारे शेठ

कापड कापून झालं, घडी घालून झाली, पिशवीत गेलं, की शेठ ती पिशवी गिऱ्हाइकापुढे धरायचे. पण सोडायचे नाहीत. गिऱ्हाईक एका बाजूने ओढतंय आणि शेठ दोन बोटांनी दुसरी बाजू धरून आहेत, असं क्षणभर चालायचं. मग ते म्हणायचे, "आणि एक प्रश्न घेऊन जा."

हे फक्त उन्हाळ्यात. आमच्या वाचनालयाचा वसंतोत्सव मे महिन्यात असतो. शाळेच्या पटांगणात संध्याकाळी भाषणं होतात, ऐकायला आमच्या मंचरची माणसं येतात, शेजारच्या कळंब-निरगुडसरकडूनही दुचाक्या येतात. मी वाचनालयाचा ग्रंथपाल आणि शेठ कार्यवाह. आमच्यातलं काम सरळ वाटलेलं होतं. वक्त्यांना पत्रं मी लिहायची आणि काळजी त्यांनी करायची.

प्रश्न म्हणजे भाषण संपल्यावर वक्त्याला विचारायचा प्रश्न. तो शेठ घरून तयार करून आणत. गिऱ्हाइकाकडून तिथल्या तिथे म्हणवून घेत. "म्हणून दाखवा," ते सांगत आणि समोरचा म्हणत असताना स्वतःचेही ओठ हलवत. मग एकदाची पिशवी सुटे.

याची सुरुवात एका कौतुकातून झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी एक नावाजलेले वक्ते आले होते. भाषणानंतर त्यांनी विचारलं, काही प्रश्न? कोणी हललं नाही. नंतर जेवताना ते म्हणाले, "तुमच्याकडचे श्रोते फार चांगले. अगदी कीर्तनाला बसल्यासारखे बसतात." आम्ही सगळे खूश. शेठ जैन, सूर्यास्तानंतर जेवत नसत; ते वाढत होते. त्यांच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

परत निघताना त्यांनी मला रस्त्यातच थांबवलं. शेजारून नाशिकचे ट्रक जात होते, त्यामुळे त्यांना जवळजवळ ओरडूनच बोलावं लागलं. "कीर्तनात कोणी मधे उठून प्रश्न विचारतं का, ग्रंथपाल?"

मी म्हटलं, नाही.

"मग? माणूस आपल्याला काय म्हणून गेला, कळलं का?"

मला खरंच कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं आणि ते त्यांच्या अंगात काट्यासारखं राहिलं. आपलं गाव ऐकतं, मान डोलावतं आणि घरी जातं. त्याला स्वतःचं विचारावंसं काहीच वाटत नाही, हे त्यांना सहन होईना. गावाने एकदा तरी स्वतःहून विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. तोवर गावाला सवय लागावी म्हणून ते प्रश्न पेरू लागले.

त्यासाठी ते वाचत. वक्त्याचं पुस्तक घेऊन माझ्या कपाटांमधल्या बोळात येरझाऱ्या घालत वाचत, मधेच ते मिटून दुसरं काढत. मी खुर्ची पुढे केली की म्हणत, "बसलो की डोकं बसतं." दुकानातही तेच. गादीवर टेकले न टेकले तोच उठून कापडाचं ठाण काढायला लागत, गिऱ्हाइकाने मागितलेलं नसलं तरी. स्वतःवर विनोद करायची त्यांना हौस होती. "ज्या गावाच्या कांद्या-बटाट्यावर माझं दुकान चालतं, तो कांदा-बटाटा मी तोंडात घालत नाही. माझ्याइतका गावाला स्वस्तात पडणारा माणूस नाही," असं ते वक्त्यांना हटकून सांगत.

तुमच्या गावातही व्याख्यानमाला असेल, तर कार्यक्रम कसे बिघडतात हे तुम्ही पाहिलं असेलच. एका वर्षी संगणकावर बोलणारे पाहुणे चाकणच्या वाहतुकीत अडकले. त्यांच्याऐवजी दुसऱ्या दिवशीचे, जुन्या देवळांतल्या मूर्तींवर बोलणारे गृहस्थ एक दिवस आधी उभे राहिले. बदल सगळ्यांना सांगितला. फक्त प्रश्न घेतलेल्या बटाट्याच्या व्यापाऱ्यांना सांगायचा राहिला. त्यांना वक्त्याशी कर्तव्य नव्हतं. दिवस त्यांचा होता. भाषण संपताच ते उठले आणि शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाले, "यात बिघाड झाला तर दुरुस्ती इथल्या इथं व्हती, का बाहेर न्यावं लागतं?"

मी मान खाली घातली. पण मूर्तींचे जाणकार विचारात पडले. म्हणाले, फार महत्त्वाचा मुद्दा काढलात. आणि भंगलेल्या मूर्तींवर सिमेंट कसं फासलं जातं, यावर ते असं काही बोलले, की मूळ भाषण त्यापुढे फिकं वाटलं. शेठ मागे ध्वनिक्षेपकाच्या खोक्याजवळ उभे होते. ते हसले नाहीत. मला म्हणाले, "उत्तर चांगलं आलं. पण प्रश्न माझाच होता ना."

हळूहळू त्याची प्रथा झाली. प्रश्न मिळालेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसू लागला. ज्याला मिळाला नाही तो रुसू लागला. "यंदा आमाला न्हाई का, शेठ? धाकल्या भावाला दिला म्हणं." कोणी दुकानात येऊन घासाघीस करे, "सोपा द्या राव. मागल्या साली लई अवघड व्हता, मधीच इसारलो." शेठ देत राहिले. गाव विचारत राहिलं. वक्ते चकित होऊन जात.

शेवटच्या काही वर्षांत उत्सवाचा विषय ठरून गेला होता, कला आणि तंत्रज्ञान. तो शेठनीच लावून धरला. साड्यांचा एक विक्रेता त्यांना काठांची नक्षी मोबाईलच्या पडद्यावर दाखवून गेला होता. यंत्राने काढलेली, बोट सरकवावं तेवढी नवीन. शेठ बोट सरकवतच राहिले. "यातलं एक तरी कोणाला सुचलं असेल ना?" त्यांनी विचारलं. विक्रेत्याने भाव सांगितला.

त्यांच्या दुकानातल्या साड्या फॉल-पिकोला कळंबच्या एक बाई नेत. गेल्या उत्सवाच्या आधी त्या साड्या घेऊन परत आल्या. मी तिथेच पाणी पीत उभा होतो. त्यांना काही बोलायचं होतं, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं होतं. शेवटी म्हणाल्या, "शेठ, मला एक इचारायचं व्हतं त्या भाषणात. माझं माझंच हाये. पण तुमी दिल्याबिगर कसं इचारायचं? तुमीच मला द्या ना तो."

शेठच्या हातातलं ठाण उलगडत जमिनीपर्यंत गेलं.

बाई गेल्यावर ते दुकानभर फिरले. मला म्हणाले, "ग्रंथपाल, मी गावाला बोलायला शिकवायला गेलो आणि तोंडाला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली." मग एकदम, "यंदा कोणालाच द्यायचा नाही."

गावात कुजबूज झाली. शेठची तब्येत बरी नाही का, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. तब्येत खरंच बरी नव्हती. छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी आराम सांगितला होता. पण त्याचा आणि प्रश्नांचा संबंध नव्हता. बाईंनाही त्यांनी एवढंच सांगितलं, "ताई, तुमचा आहे ना? मग तुम्हीच उठायचं."

त्या संध्याकाळी पुण्याहून एक तरुण वक्ते आले होते. यंत्र चित्र कसं काढतं, हे त्यांनी पडद्यावर दाखवलं. आपल्या भागातलं म्हणून बैलगाडा शर्यत काढायला सांगितली. यंत्राने धुरळा सुरेख काढला, पण गाड्याच्या पुढे धावणाऱ्या घोडीवरचा स्वार उचलून बैलावर बसवला. पटांगण पोट धरून हसलं. मग भाषण संपलं आणि त्यांनी विचारलं, काही प्रश्न?

लोक मागे वळून शेठकडे पाहू लागले. यंदा कोणाला दिलाय, ते कळावं म्हणून. शेठ भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते, परत फिरत होते. बाई चौथ्या रांगेत. त्यांची नजर जमिनीवर. अध्यक्षांनी आभाराचा कागद उघडला, तेव्हा शेठनी मागून हात वर करून त्यांना थांबवलं. अध्यक्ष कागदाची घडी घालून परत खुर्चीत बसले.

बाई उठल्या. "माझी मुलगी बारावीला हाये," त्या म्हणाल्या. "तिला चित्रकलेच्या कॉलेजला जायचंय. तिचे वडील म्हणत्यात, आता मोबाईल चित्रं काढतो, तू कशाला? तर पाठवू का नको?"

वक्त्यांनी मागचा पडदा बंद केला. मग म्हणाले, "ताई, मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगितलं तर ते खोटं होईल." मागून कोणी म्हणालं, "पाठवा की." दुसरा म्हणाला, "आन पोटाला काय?" तेवढ्यात आभार सुरू झाले.

मला वाटलं, शेठ आनंदात असतील. मी त्यांचा हात हातात घेतला तर तो गार होता. "उत्तर राहिलं, ग्रंथपाल," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना चैन पडेना. ते पुण्याला जाऊन एका कला महाविद्यालयाच्या आवारात दिवसभर मुलांशी बोलत बसले. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारा आणि आता फ्लेक्स छापणारा माणूस गाठला. कळंबला जाऊन मुलीची चित्रं पाहिली, बापाशी वाद घातला, तिथेच चहा घेतला. एक दिवस मला म्हणत, "पाठवावं. नक्की पाठवावं." दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आत पायरीवर हजर, "घाई नको. मला अजून एकाला विचारू द्या." बाईंना त्यांनी शब्द दिला होता, प्रवेश सुरू व्हायच्या आत सांगतो.

त्याआधीच, एका दुपारी, दुकानातच ते गेले. समोर गिऱ्हाईक होतं. कापड अर्धं मोजून झालं होतं.

शोकसभा वाचनालयातच घेतली. माणसं जिन्यापर्यंत उभी. अध्यक्ष बोलले, व्यापारी संघाचे लोक बोलले. मुलगा दोन वाक्यं बोलून बसला. शेवटी मी उभा राहिलो. मला लिहिता येतं, बोलता येत नाही. म्हणून फक्त विचारलं, आणखी कोणाला काही बोलायचं आहे का?

बाई उठल्या. शेजारी मुलगी होती. "मला बोलायचं नाय, इचारायचंय," त्या म्हणाल्या. "शेठ सांगणार व्हते, पाठवू का नको. ते कुणाला काय बोलले व्हते का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खरं ते सांगितलं, की मला ते दोन्ही म्हणाले होते.

"मंग पाठवा," बटाट्याचे व्यापारी म्हणाले. पाट्यावाला जिन्यातून म्हणाला, माझ्या या हातांना विचारा आधी, सतरा रंग येत होते, आज बटण दाबतोय. कोणी म्हणालं, बटण दाबायला पण नजर लागती. शेठचा मुलगा उभा राहिला. पप्पा पुण्याहून आले त्या दिवशी जेवताना काय म्हणाले, ते तो सांगू लागला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या उलट काय म्हणाले, तेही. अध्यक्ष म्हणाले, आपण आता श्रद्धांजली... "थांबा वो जरा," मागून आवाज आला, "बाईंचं काय ते व्हऊ द्या." एका म्हातारीने विचारलं, पोरगी काय म्हणती, तिला इचारलं का कुणी? मुलीने तोंड उघडलं, तर तिच्या आधी तिघांनी उत्तर दिलं. मग त्या तिघांना बाकीच्यांनी गप्प केलं आणि ती बोलली. हळू बोलली, पण बराच वेळ बोलली. त्यावर पुन्हा वाद सुरू झाला.

माणसं बोलत बोलतच जिना उतरली. खाली रस्त्यावरही त्यांचे आवाज येत होते. मी खुर्च्या रचायला घेतल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेठसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं राहूनच गेलं होतं.