वहीतली बाई

चित्रं कशी बघावीत हे शिकवणाऱ्या चार रविवारांच्या शिबिरानंतर मला चित्रातल्या माणसाच्या मनातलं कळायला लागलं होतं.

कोपरखैरण्याच्या आमच्या घरात माळा आवरताना बाबांच्या जुन्या वहीत तळहाताएवढं पेन्सिलचित्र सापडलं. एक तरुण बाई, मान खाली, हात गालावर. तुर्भ्याच्या कंपनीत नोकरीला असताना बाबा फावल्या वेळात दिसेल त्याचं चित्र काढायचे.

“कोण ही?” मी विचारलं.

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. “आठवत नाही रे.”

मी इथेच थांबायला हवं होतं. पण आई समोर मटार सोलत बसली होती, म्हणजे श्रोते हजर होते. मी सुरू झालो. “डोळे बघा. रडून रडून कोरडे झालेत. ओठ घट्ट मिटलेत, म्हणजे बोलायचं ते राहूनच गेलं. आणि रेषा किती हळुवार. काढणाऱ्याचा जीव होता हिच्यावर.”

मटार सोलणं थांबलं.

“आई, तू बघ ना.”

“मला नाही बघायचं. ज्यांचा जीव होता त्यांनी बघावं.”

“अगं, हा काहीपण बोलतोय,” बाबा म्हणाले.

“मग नाव सांगा तिचं.”

नाव काही बाबांना आठवेना. पुढचे दोन दिवस आई त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलली. (“तुझ्या बाबांना सांग, बीपीची गोळी राहिलीय.”) बाबांनी स्वतःचा चहा स्वतः केला आणि दोन पातेली करपवली.

तिसऱ्या दिवशी उलव्याहून आत्या आली. मी हळूच चित्र तिच्यापुढे धरलं.

“ही वहिनी ना?” आत्या म्हणाली. “लग्नानंतर अक्कलदाढ सुजली होती बघ, तेव्हाची. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दादा हेच काढत बसलेला. मी होते की सोबत.”

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. जरा लवकरच सोडला.

आईने चित्र हातात घेतलं, उजेडात धरून नीट पाहिलं. “म्हणजे दोन दिवस मी माझ्यावरच जळत होते. आणि अहो, तुम्हाला मी ओळखू आले नाही?”

“गाल केवढा सुजला होता तुझा,” बाबा पुटपुटले.

आईला हसू आलं. मग ती माझ्याकडे वळली. “यांचं जाऊ दे, यांना मोतीबिंदू आहे. तू काय बघत होतास?”

भिंग लावून तासभर बघितलं होतं मी. डोळ्यांत विरह दिसला, ओठांवर अबोल प्रेम दिसलं. आई तेवढी दिसली नाही.