कुत्र्याचा वाटा

म्हाईच्या दिवशी दुपारी हौसानं आणि मी मिळून वजडी साफ केली. दोघांनी मिळून केलेलं नेहमीसारखं काम ते शेवटचं.

म्हाई म्हणजे आमच्या गावची जत्रा. गाव पन्हाळ्याच्या अलीकडं, कोल्हापूरहून एसटीनं तासाभराच्या आत. म्हाईला चार-पाच घरं मिळून एक बकरं धरतात आणि वाटं घालतात. कापायला-सोलायला मला बोलावतात. मी काय खाटीक नव्हे, दोन म्हशी आणि थोडा ऊस असलेला माणूस. पण हात बसलाय. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गल्लीतली बकरी मीच सोलली. कापणाऱ्याचा मान म्हणून वजडी, म्हणजे बकऱ्याचा कोथळा आणि आतडं, माझ्या घरी येते.

त्या दिवशी हौसानं चुलीवर पाणी उकळलं, त्यात चुना टाकला. मी वजडी बुडवून द्यायची, तिनं गोणपाटानं घासून काळी साल काढायची. लग्न झाल्यापासून हे असंच. मध्येच ती थांबली आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. पित्त. तुमी हात चालवा, पावणं यायचं हाईत."

आमचा टिप्या दारात बसलेला. पांढरं कुत्रं, डोळ्यावर काळा टिपका. त्या बकऱ्याच्या कलेजीला लिंबाएवढा पाण्याचा फोड होता. असा फोड दर दोन-चार बकऱ्यांमागं एखाद्याला असतोच. तो भाग माणूस खात नाही. मी सुरीनं कापला आणि टिप्याला टाकला. आमच्याकडं त्याला कुत्र्याचा वाटा म्हणतात. माझा बाप टाकायचा, म्हणून मीही टाकला. कधी विचार केला नाही.

हे मी लिहितोय ते ज्यांच्या घरात कुत्रं आहे आणि ज्यांच्या गावात बकरं पडतं त्यांच्यासाठी. मी पाचवीपर्यंत शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

हौसाचं पित्त बरं होईना. ओवा झाला, सोडा झाला, आल्याचा रस झाला. अर्ध्या भाकरीवर उठायला लागली. मी खेकसायचो, "नीट जेव की, कुणावर रुसलीस?" ती म्हणायची, "जेवलं की पोटात कोन तरी बसल्यागत वाटतंय." मला ते बाईमाणसाचं बोलणं वाटलं. ते खरंच होतं.

तालुक्याच्या डॉक्टरनं सोनोग्राफी सांगितली. सोनोग्राफी म्हणजे पोटावर गार मलम लावून यंत्रानं आतलं बघणं, दुखत नाही. रिपोर्ट बघून त्यांनी चिठ्ठी दिली आणि कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं सीटी स्कॅन झालं. सीटी स्कॅन म्हणजे चक्रात झोपवून पोटाचे पावाच्या कापासारखे फोटो काढतात.

दोन दिवस बाकावर बसून काढले. मला एकच भ्या, कॅन्सर. हौसा शेजारच्या राधानगरीच्या बाईला भाताच्या जाती विचारत बसलेली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. आमच्या सुनेएवढी पोरगी, पण बोलणं शांत. म्हणाल्या, "आजोबा, कॅन्सर नाही. लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात, हायडेटिड सिस्ट आहे." माझा जीव असा भांड्यात पडला की मी हातच जोडले. पुढचं अर्धं ऐकलंच नाही. त्यांनी परत सांगितलं. हायडेटिड सिस्ट म्हणजे पाण्यानं भरलेला फोड. आत एका किड्याची पिलावळ असते. हौसाचा फोड नारळाएवढा होता.

मग त्यांनी कागदावर माणसाचं पोट काढलं. अन्ननळी, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, उजवीकडं यकृत, त्याच्याखाली पित्ताची पिशवी. मी बघत होतो. सगळं ओळखीचं. बकऱ्याचा कोथळा चार कप्प्यांचा, माणसाची एकच पिशवी, एवढाच मोठा फरक. हजार वेळा हे हातात धरलंय. पण आपल्या बायकोच्या आतही हेच आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

"हा किडा कुत्र्याच्या आतड्यात राहतो," त्या म्हणाल्या. "तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो. कुत्र्याला काही होत नाही. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, गवतावर जातात. गवत बकरं खातं. अंडं फुटतं, किडा आतड्यातून रक्तात शिरतो आणि यकृतात जाऊन फोड करतो. तो फोड परत कुत्र्यानं खाल्ला की त्याच्या पोटात नवे किडे तयार. असं ते चाक फिरत राहतं."

"आणि मानूस?" हौसानं विचारलं.

"माणूस मध्ये चुकून सापडतो. कुत्र्याला हात लावला, तसाच हात भाकरीला लावला. किंवा शेतातली भाजी न धुता खाल्ली. अंडं पोटात जातं, फोड होतो. पण तिथून पुढं किड्याला वाट नाही. माणसाचं यकृत कुणी कुत्र्याला घालत नाही. तोही अडकतो, आणि माणूसही."

"म्हंजे त्याचीबी फसगतच की," हौसा म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या.

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात ते चाक फिरत होतं. गवतापासून बकऱ्यापर्यंत ते आपोआप जातं. कुत्र्यापासून गवतापर्यंत आपोआप जातं. पण बकऱ्याच्या कलेजीतून कुत्र्याच्या तोंडापर्यंत ते आपल्या पायांनी चालत जात नाही. तिथं एक हात लागतो.

त्यांनी तेच विचारलं. "घरात कुत्रं आहे ना? बकऱ्याचं कच्चं आतडं, कलेजी त्याला कोण घालतं?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागलो.

"मीच घालते की," हौसा म्हणाली. "ह्यास्नी कुत्र्याचा नाद न्हाय."

चव्वेचाळीस वर्षांत ती माझ्यासमोर कुणाशी खोटं बोललेली मी ऐकलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खोटं कशापायी बोललीस?"

"तुमी तितंच रडला असता. माज्या आदी तुमालाच सलाइन लावाय लागलं असतं."

"मी आणि रडतोय?"

"मग आता काय चाललंय?"

फोड किती दिवसांचा, हे मी नंतर डॉक्टरीणबाईंना एकट्यानं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. पण एवढा मोठा म्हणजे दहा-पंधरा वर्षं तरी वाढत असेल." टिप्या चार वर्षांचा. त्याच्याआधी दोन कुत्री होऊन गेली. वाटा टाकणारा मात्र तोच.

पहिल्यांदा महिनाभर अल्बेंडाझोलच्या गोळ्या दिल्या. ह्या गोळ्या किड्याचा जोर कमी करतात. त्या चालू असताना रक्त तपासायला जावं लागतं, चुकवू नका. जड उचलायचं नाही, पोटाला धक्का लागू द्यायचा नाही, कारण फोड आत फुटला तर अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, जीव जाऊ शकतो. म्हणून म्हशीची धार मी काढायला लागलो. हौसा उंबऱ्यावर बसून शिकवायची. "अवो, आचळ हाय ते, पंपाचा नळ न्हवं." म्हसरू लाथ मारायचं, ती हसायची, हसून हसून बरगडी धरायची.

घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी झाली. बाकी कुणाच्या पोटात काही निघालं नाही. जनावरांच्या डॉक्टरनं टिप्यासाठी जंताच्या गोळ्या दिल्या. हौसानं त्या देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवल्या. म्हणाली, "ऑपरेशन करून आल्यावर मी देते. तुमच्या हातनं त्यो खायाचा न्हाय."

ऑपरेशन साडेचार तास चाललं. फोडातलं पाणी एक थेंब पोटात सांडू नये म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी सगळीकडं लावतात, मग सुईनं ओढून घेतात. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा घामानं थबथबल्या होत्या. म्हणाल्या, "फोड निघाला. पण पित्ताच्या नळीला चिकटला होता. आता बघत राहायचं."

तीन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी हौसानं भाताची पेज मागितली, दोन घास खाल्ले. शेजारच्या खाटेवर हुपरीची एक बाई होती, पैंजणाच्या कड्या जोडायचं काम करणारी. तिलाही हाच आजार. ती बरी होऊन चालत घरी गेली. हे मुद्दाम लिहितोय. ऑपरेशनला भिऊ नका. आमचं जे झालं ते सगळ्यांचं होत नाही. आम्हीच उशीर केला.

चौथ्या दिवशी पोटातल्या नळीतून हिरवं-पिवळं यायला लागलं. बाईल लीक म्हणाले, म्हणजे पित्त गळतंय. मग ताप. मग सेप्सिस, म्हणजे रक्तात विष पसरणं. आयसीयूत नेलं. तिथं दिवसातून दोनदा, थोडा वेळच सोडायचे. डॉक्टरीणबाई कितीतरी वेळा येऊन जायच्या. त्यांनी काही कमी केलं नाही. त्यांना माझा नमस्कार.

सहाव्या दिवशी हौसा चांगली शुद्धीवर होती. म्हणाली, "टिप्याला कोन घालतंय?"

"दिलीप." दिलीप आमचा मुलगा.

"त्याला सोडू नका हां कुटं. मुकं हाय ते." मग थोड्या वेळानं, "आनी म्हाईला तुमी गावाला सांगा. मी डॉक्टरला बोलले ते बोलले. त्यास्नी काय, आपलं मानूस न्हाय ते. गावाला खरं सांगा. न्हायतर पोरं तसंच टाकत राहतील."

मी "व्हय" म्हणालो. नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

दुपारी गावात आणली. सगळी गल्ली दारात. दिलीप आधीच ऐकून होता की रोग कुत्र्यापासून आला. तो उठला आणि टिप्याला दोरीनं गोठ्याच्या खांबाला आवळून बांधलं. टिप्या तिरडीकडं ओढ घेत होता. दिलीप ओरडला, "आईला ह्येनंच खाल्लं. उद्या पोत्यात घालून लांब फेकतो ह्येला." बायका रडत रडत कुत्र्याला शिव्या द्यायला लागल्या. म्हाईला माझ्याकडून बकरं सोलून घेणारी सगळी घरं तिथंच उभी होती. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. हौसा तिथंच होती. मी उघडलं नाही. खाली मान घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. आमच्याकडं दुसऱ्याच दिवशी करतात. आंघोळ करून बाहेर आलो तर दिलीप हातात पोतं घेऊन गोठ्याकडं चाललेला. टिप्यानं शेपूट हलवली. त्याला वाटलं भाकरी आणली.

मी म्हटलं, "दिलीप, पोतं ठेव खाली."

"आबा, तुमी मदी पडू नका."

"ह्यो चार वर्सांचा हाय. आईचा फोड धा-पंधरा वर्सांचा. ह्येनं केलंय हे कुनी सांगितलं तुला?"

"मग कुनी केलं?"

"मी. वाटा मी टाकत आलो. तुज्या आईनं एकदाबी टाकला न्हाय. डॉक्टरसमोर तिनं माज्यावर पांघरून घातलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला मारावंसं वाटत होतं, मला की खांबाला, कळलं नाही. पोतं टाकून तो निघून गेला.

स्मशानात राख सावडून झाली, नैवेद्य ठेवला, माणसं निघायला लागली. मी म्हटलं, "थांबा जरा." आणि दिलीपला जे सांगितलं तेच परत सगळ्यांना सांगितलं. चाकाचंही सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. कुत्र्याला हात लावला तर साबणानं धुवा, भाजी धुऊन खा, कुत्र्यांना जंताची गोळी द्या, आणि बकऱ्याचं नासकं कुणीही कुत्र्याला टाकू नका. एक म्हातारा म्हणाला, "आरं, आपल्या बापांनी पन टाकलं की." मी म्हटलं, "व्हय. आनी आपल्या आया पोट दुकून मेल्या, तवा आपन करनी म्हनत हुतो."



घरी येऊन देव्हाऱ्यातली डबी उघडली. गोळी भाकरीच्या तुकड्यात दाबली, वर दुधाची साय लावली, हौसा लावायची तशी. टिप्यानं हुंगली, माझ्याकडं बघितलं, हुंगली, आणि खाल्ली. मी हात साबणानं कोपरापर्यंत धुतले.

मग पहार घेतली आणि जिथं आम्ही बकरं सोलतो त्या दगडामागं खणायला लागलो. जमीन मुरमाड. थोड्या वेळानं दिलीप आला. माती ओढायला खोरं आणून शेजारी ठेवलं आणि गेला. मी कमरेएवढा खड्डा केला, कुठल्या कुत्र्याला उकरता येऊ नये एवढा. इथून पुढं गल्लीतल्या बकऱ्यांचं नासकं ह्यातच, वर चुना आणि माती.

टिप्या काठावर बसून आत वाकून बघत होता. त्याला वाटत होतं, मी त्याच्यासाठी काहीतरी काढतोय.