मुलगा वाल सोलतो

शाळेने मला निवृत्त केले. विद्यार्थी करू देत नाहीत. रोह्याच्या बाजारात कोथिंबीर आणायला जावे आणि चार किस्से घेऊन घरी परतावे, असा माझा नित्यक्रम आहे. त्यांतले निम्मे एकट्या नितेशचे!

नितेश रोह्याजवळच्या वरसे गावचा, माझा जुना विद्यार्थी. डिप्लोमा झालेला. कंपनीतले कंत्राट संपले आणि त्याने ठरवले, वालांना मोड आणून, सोलून, पाकिटे विकायची. आमच्याकडे बिरडे, म्हणजे सोललेल्या वालांची उसळ, सर्वांना हवे असते. वाल सोलणे कुणालाच नको असते.

वडील कडाडले, "कंपनीत पर्मनंट झाल्याबिगर घरात वालाचा दाना आनायचा नाय!"

नितेशने पोते अंगणात उतरवले.

*

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गो, पोरग्याला डिप्लोमा केलास तो वाल सोलायला?"

त्याच्या आईचे हात थांबले नाहीत. "व्हय गो. तुझ्या पोराला पन धाड. मोबाईल चोळून चोळून बोटं तयार झाली असतील त्याची!"

तो मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. हल्ली पेणची ऑर्डर तोच पोहोचवतो.

*

डिप्लोमा स्वस्थ बसू देईना. नितेशने जुन्या वॉशिंग मशीनमध्ये भिजवलेले वाल घातले आणि बटण दाबले. वालांचा लगदा झाला, साले मात्र शाबूत!

वडील कित्येक महिन्यांनी हसले. "कंपनीनं उगाच नाय सोडला तुला!"

त्याच संध्याकाळी नितेशने कंत्राट संपलेल्या मित्रांना बोलावले. "मशीन नापास. या, बसा."

*

पेणला तरुणांसाठी उद्योजकता मेळावा होता. नितेशसह मलाही आमंत्रण होते. प्रमुख पाहुणे गरजले, "तरुणांनो, नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या द्या!" टाळ्या!

चहाच्या वेळी तेच पाहुणे हळूच म्हणाले, "बाई, तुमचे विद्यार्थी पुष्कळ. आमच्या मुलीसाठी एखादे स्थळ सुचवा ना."

मी नितेशकडे बोट दाखवले.

"मुलगा चांगला आहे हो. पण आम्हाला पर्मनंट नोकरीवाला हवा."

मी कप खाली ठेवला. "मग तुमचे भाषण अर्धेच झाले. चला व्यासपीठावर. माईक अजून चालू आहे!"

*

अखेर कंपनीतून पर्मनंट नोकरीच्या मुलाखतीचा निरोप आला, तोही नेमका श्रावणी सोमवारचा. संध्याकाळी घरोघरी बिरड्यावर उपास सुटणार. ऑर्डरी घेतलेल्या, वालांना मोड आलेले. मीही सोलायला वरशाला गेले होते.

वडील इस्त्रीचा शर्ट घेऊन उभे. "जा लवकर. असा चान्स परत येनार नाय."

"बाबा, मोड पन उद्यापर्यंत थांबनार नायत. लोकांना शब्द दिलाय मी."

वडिलांनी शर्ट खाटेवर फेकला आणि आमच्याकडे पाठ करून बसले. फाटकाशी गिऱ्हाइके जमू लागली. त्यांतली एक म्हातारी वडिलांना म्हणाली, "अरे, रिकामाच बसलास ना? मग हात लाव की!"

बऱ्याच वेळाने त्यांनी एक परात स्वतःकडे ओढली.

नितेश बाहेर गाडीवर पाकिटे बांधत असताना त्याचा आमच्याजवळ राहिलेला फोन वाजला. वडिलांनी ओल्या हातानेच तो उचलला. कंपनीतून होता. नितेश मुलाखतीला का आला नाही, अशी विचारणा मलाही ऐकू आली.

"साहेब, तो कामावर हाय," वडील म्हणाले. "तुमच्याकडं कोनी मोकळा असंल, तर धाडून द्या. आमाला हात कमी पडतात!"