तिसऱ्या बॅटरीची वायर

सागरकृपा इमारतीत जगदीश नाईकधुऱ्यांशी कुणी आपणहून बोलायला जात नसे. लालबागची जुनी चाळ पाडून ही इमारत उभी राहिली, तेव्हा अध्यक्ष व्हायला कुणी पुढे येईना, म्हणून नाईकधुरे झाले. त्यांची सगळी नोकरी रे रोडच्या एका गोदामाच्या फाटकावर गेली होती. सुटी झाली की हमालांचे डबे उघडायचे, पिशव्या उलट्या करायच्या, कंबर चाचपायची. रिटायर झाल्यावर फाटक सुटलं, पण नजर तीच राहिली. घरात त्यांच्या पत्नी बकुळावहिनी नारळ फोडायला बसल्या, तरी "कालची अर्धी कवड खंय गेली?" हा प्रश्न यायचाच.

इमारतीच्या गच्चीवर सोलर होतं. वीज गेली की बाजूच्या खोलीतल्या चार बॅटऱ्यांवर जिना उजळायचा, आणि प्रत्येक घरात एक दिवा, एक पंखा, एक प्लग चालायचा. सुरुवातीला ठीक चाललं. मग रस्ता खणताना केबल तुटून वीज वारंवार जाऊ लागली, तेव्हा लक्षात आलं की बॅकअप टिकतच नाही. थोडा वेळ चालून इन्व्हर्टर ओरडायचा आणि बंद पडायचा.

नाईकधुऱ्यांनी निदान करून टाकलं. कुणीतरी चोरून वीज खेचतंय. आणि गच्चीला लागून घर होतं गौतम तांबेचं.

गौतम परळच्या एका इस्पितळात लॅबमध्ये कामाला होता. चौथ्या मजल्यावर तो आणि त्याची दमेकरी आई रमाबाई. नाईकधुऱ्यांनी त्याला जिन्यातच अडवलं.

"काय रे, बॅकअपवर एसी लावलायस काय?"

"काका, माझ्याकडे एसीच नाही. या, घर बघा."

"बघायचं काय त्यात? फुकटचं खायची सवयच असते तुम्हा लोकांना."

गौतम पायरीवर थांबला. "तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, काका?"

नाईकधुरे खाली उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवरच्या खोलीत जाऊन तांब्यांच्या घराचा बॅकअपचा फ्यूज काढला आणि खिशात घातला. गौतमला तसं ऐकवलंही.

त्यानंतर मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. रमाबाईंना धाप लागली. नेब्युलायझर लावायला प्लगमध्ये करंट नव्हता. गौतमनं आणि शेजारच्यानं त्यांना खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेण्यासाठी. दुसऱ्या मजल्यावर नाईकधुऱ्यांचं दार उघडं होतं. आत पंखा फिरत होता. बकुळावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आल्या.

"नको," गौतम म्हणाला. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

रमाबाई वाचल्या. बॅकअप मात्र तसाच मरत राहिला.

"तांब्यांचो फ्यूज काढलात मां? मगे आता वीज कोण खाता?" बकुळावहिनींनी एकदा विचारलं.

"दुसरी वायर असतली त्याची," नाईकधुरे म्हणाले.

शेवटी बॅटरीच्या दुकानातून सुनेत्रा नावाची मेकॅनिक आली. तिनं एकेका बॅटरीला मीटर लावला आणि कपाळाला आठी घातली.

"चारही एका माळेत आहेत. एकीतून जेवढं जातं तेवढंच दुसरीतून जायला पाहिजे. इथं पहिली, दुसरी, चौथी भरून उतू चालल्यात, पाणी आटलंय त्यांचं. तिसरी उपाशी. हिच्या एकटीतून कुणीतरी वेगळी वायर काढलीय."

ती वाकली. स्टँडच्या मागून एक बारीक लाल-काळी वायर निघून जिन्यालगतच्या वायरींच्या डक्टमध्ये उतरत होती.

नाईकधुऱ्यांचा चेहरा उजळला. "हात लावू नकोस. सगळ्यांना येऊ दे."

रविवार होता. त्यांनी दारं ठोठावून माणसं गोळा केली. गौतमला तर हातवारे करून बोलावलं. "ये, ये. तुझी वायर बघायला ये."

सुनेत्रानं चौथ्या मजल्यावर डक्टचं झाकण उघडलं. वायर तांब्यांच्या घराकडे वळली नव्हती.

"खाली जातेय," ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरही ती सरळ खाली गेली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या मजल्यावर वायर डक्टमधून बाहेर आली, पट्टीखालून नाईकधुऱ्यांच्या चौकटीवर चढली आणि दाराशेजारच्या करड्या डब्यात शिरली. डबा जिन्यातल्या कॅमेऱ्यांचा होता.

चोर पकडायला कॅमेरे त्यांनीच, अध्यक्ष झाल्या झाल्या, हट्टानं बसवून घेतले होते. वीज गेली तरी ते बंद पडता कामा नयेत, कुठूनही लाइन घे, असं बसवणाऱ्याला बजावलं होतं. कॅमेरे बारा व्होल्टचे. त्यानं हाताशी आली त्या बॅटरीतून बारा व्होल्ट घेतले. ती एकटी दिवसरात्र झिजत राहिली.

"मी एकीतूनच घे म्हटलं नव्हतं," नाईकधुरे म्हणाले. आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण चढला नाही.

"आमचा फ्यूज कुठाय?" गौतमनं विचारलं.

फ्यूज घरात कपाटात होता. नाईकधुरे तो घेऊन वर निघाले, मागोमाग सुनेत्रा. चौथ्या मजल्यावर रमाबाई दारात उभ्या होत्या.

"तुम्ही नका हात लावू," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला लावू दे."

नाईकधुऱ्यांनी फ्यूज सुनेत्राच्या हातावर ठेवला.

बॅटऱ्या वाचल्या नाहीत. एखादीच नवी घातली तर जुन्यांच्या संगतीनं तीही जाईल, असं सुनेत्रा म्हणाली, म्हणून चारही बदलाव्या लागल्या. सभेत नाईकधुरे म्हणाले, "जे केलं ते तुमच्यासाठी केलं." मागून उत्तर आलं, "आमच्यासाठी नाही, आमच्यावर नजर ठेवायला केलं." अध्यक्षपद त्याच बैठकीत गेलं. त्यांच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही.

पुढे गणपतीच्या दिवसांत गौतम जिन्यात भेटला. नाईकधुरे बराच वेळ दारात घुटमळत होते, बहुधा त्याचीच वाट बघत.

"गौतम, चुकलं रे माझं."

"वायर चुकीची होती," गौतम म्हणाला. "माझ्याबद्दल तुम्ही आधीच ठरवून बसला होतात. ते चुकणं नाही."

तो खाली उतरून गेला. बकुळावहिनी आता अधूनमधून रमाबाईंकडे जातात. त्यांना आत बोलावलं जातं, चहा होतो. नाईकधुऱ्यांचं नाव तिथं निघत नाही. तेही आता विचारत नाहीत, एवढा वेळ वर काय करत होतीस म्हणून.